घेऊ नये

राधाकृष्णने चौथा कप भरला आणि काउंटरवरून पुढे सरकवला. दुकानात चार माणसं होती. चौघांनी चहा घेतला, चौघांनी त्याच्या गुडघ्याची चौकशी केली आणि चौघंही काही विकत न घेता उठले. जाताना शेवटच्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मयताच्या घरी ठेवतात तसा, किंचित दाबून.

रुचा पिशवी घेऊन पायरीवर उभी होती. त्या माणसाने तिला वाट करून दिली, तिच्या पिशवीकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"या रुचाताई," राधाकृष्ण म्हणाला. "चहा घ्या. आता आमी चहाच देतो. दुसरं कोन काय घेतच न्हाई."

रुचाने अर्धा किलो पोहे मागितले. ते तोलायला त्याने बराच वेळ लावला. एकेक मूठ टाकत होता, थांबत होता, पुन्हा टाकत होता. हातातलं काम संपू नये असं काहीतरी. आतल्या बाजूला त्याची बायको भागूबाई शेंगदाणे निवडत बसली होती. ते कालच निवडून झालेले होते.

पुडा बांधून झाल्यावर त्याने मोबाईल काढला आणि तिच्यासमोर धरला. वर दुकानाचं नाव, खाली लाल चौकटीत दोन शब्द: घेऊ नये. त्याखाली सूचक आणि अनुमोदक. दोन्ही नावं मिरजगावातल्या भल्या माणसांची. आणि सगळ्यात खाली 'कारण' असं लिहून पुढे कोरी जागा.

"माझी तक्रार न्हाई," तो म्हणाला. "लिवलंय म्हंजी काय तरी असंल. फकस्त कारन कळलं तर बरं. मी ते करायचं सोडून देतो."

ती लाल चौकट रुचानेच रंगवली होती.

'विचारून घ्या' हे तिचं पुण्यातल्या नोकरीच्या काळातलं स्वप्न. सगळ्यांनी मिळून लिहायची, सगळ्यांनी दुरुस्त करायची एक विकी. हे तेल, हे कापड, हे दूध कोणी बनवलं, बनवणाऱ्याच्या हातात काय पडलं, ओढ्यात काय सोडलं, माप खरं आहे का. माणसाने खरेदीआधी पान उघडावं, वाचावं आणि मग पिशवी पुढे करावी. पुण्यात तिला वीसेक माणसं मिळाली होती आणि ती सगळी एकमेकांचं शुद्धलेखन सुधारण्यात गुंतली. मग लॅपटॉपवरची नोकरी घेऊन ती गावी परतली, आणि दूध संस्थेच्या सचिवांचा मुलगा आदिनाथ, जो तिच्याबरोबर कॉलेजला होता, त्याने एकच सुधारणा सुचवली. सभेत असतं तसं ठेव. प्रत्येक नोंदीला एक सूचक, एक अनुमोदक. त्याशिवाय नोंद धरायची नाही.

गावाला ते लगेच समजलं. महिनाभरात सगळं गाव विकीवर होतं. कुणीतरी आपल्या म्हशीचं पान उघडून 'स्वभाव' या रकान्यात 'मनमिळाऊ, पण सकाळी नाही' असं लिहिलं. बँडवाल्याच्या पानावर 'वाजवतो बरा, जेवतो जास्त' या वाक्यावर आठवडाभर चर्चा चालली. शेजारच्या गावच्या शेवेला 'खारट, तरीही नैतिक' असा शेरा मिळाला आणि तो एकमताने मंजूर झाला. रुचा त्या महिन्यात फार आनंदात होती.

पोह्यांचा पुडा घेऊन ती आधी सूचकाकडे गेली. सूचक शेतात पाणी धरत होता. आपण सूचक आहोत हे त्याला माहीत नव्हतं, पण ऐकून त्याला बरं वाटलं. अनुमोदक म्हणाला की सूचक जुना माणूस आहे, त्याने उगाच सुचवलं नसणार.

आदिनाथ संस्थेच्या शेडमध्ये दुधाची फॅट तपासत होता. रुचाने विचारलं तेव्हा त्याने मान वरसुद्धा केली नाही.

"नोंद अडकून पडली होती. मी नावं घातली."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? पाळी त्यांची होती."

मग त्याने समजावून सांगितलं. त्याचे वडील सभेचं इतिवृत्त असंच लिहीत आले होते. सभा होते, चहा होतो, लोक घरी जातात. मग सचिव बसून एकेका ठरावाला पाळीपाळीने नावं घालतो, म्हणजे कुणाला डावललं असं वाटत नाही. आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. उलट एकाचं नाव वर्षभर आलं नाही, तर तो रुसून दूध दुसऱ्या संस्थेला घालायला लागला होता.

"पण पान कुणी उघडलं?"

आदिनाथने मोबाईल पुसून बघितलं. पान राधाकृष्णने स्वतःच उघडलं होतं. नाव आणि फोन नंबर घालून तो थांबला होता. आपणच आपलं चांगलं कसं लिहायचं, लोक लिहितील, असा त्याचा विचार. लोकांना वाटलं, त्याचं दुकान आहे, तो लिहील.

पुढचं रुचाला सांगायची गरज नव्हती. ज्या पानावर माहिती नाही त्यावर विकी आपोआप 'घेऊ नये' हा शिक्का उमटवायची. नियम तिचाच. पुण्यात बसून मोठमोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून तिने तो केला होता. जो सांगत नाही तो लपवतो. हे वाक्य तिने तेव्हा बऱ्याच लोकांना ऐकवलं होतं. कंपन्यांना त्याने काही झालं नव्हतं.

"म्हणजे कुणीच काही म्हणालेलं नाही," ती म्हणाली.

"नाही ना," आदिनाथ म्हणाला. "आणि तेही सगळं नियमात बसवून."

घरी येऊन तिने नियम बदलला आणि मग राधाकृष्णचं पान उघडलं. कोरी जागा राहिली नव्हती. लोकांना ती बघवली नसावी. 'काहीतरी असेल.' 'पूर्वी असं नव्हतं.' 'आमच्या चुलत्यांनाही एकदा शंका आली होती.' 'माणूस चांगला आहे, पण'. 'पण'च्या पुढे काही नव्हतं. या वेळी सूचकही खरे होते आणि अनुमोदकही. सगळ्यात जास्त अनुमोदनं त्या 'पण'ला होती.

तिने ते अख्खं पानच काढून टाकलं.

त्याने चार दिवस बरे जातील अशी तिची अपेक्षा होती. झालं ते असं, की गावात आता प्रत्येक दुकानाला पान होतं, बँडवाल्याला होतं, म्हशीला होतं, आणि राधाकृष्णचं नाव घातलं की 'असे पान अस्तित्वात नाही' एवढंच यायचं. लोक म्हणायला लागले, लिहिता येण्यासारखंसुद्धा नसेल. बिस्किटांचा सेल्समन दर आठवड्याला नगरहून यायचा. त्याने दुकानासमोर गाडी उभी केली, मोबाईल पाहिला, दुकान पाहिलं, पुन्हा मोबाईल पाहिला आणि गाडी तशीच पुढे काढली. भागूबाईने हात वर केला होता. तो तिने केस सारखे करायला नेला.

शेजारच्या रतनबाईंनी रुचाला अंगणात गाठून तिच्या गालावरून हात फिरवला.

"चांगलं केलंस गं पोरी. आमच्या लहानपनी हुतं हे. मधी बंद पडलं हुतं."

"काय होतं, आजी?"

"हेच की. फकस्त तवा पंच लागायचे. चावडीवर बसून घसा कोरडा व्हायचा त्यांचा. आता बरंय, मोबाईलवर हुतं."

रुचा म्हणाली की हे तसलं नाही. कुणाला वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा आहे, इथे कुणाशी बोलायला मनाई नाही, चहा प्यायलाही नाही.

"व्हय व्हय," रतनबाई समजुतीने म्हणाल्या. "त्येला बी तवा कुनी वाळीत म्हनत नव्हतं. नुसतं जात नव्हते."

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, राधाकृष्ण दुकान बंद करून रुचाच्या घरी आला. ओसरीवर तिचे वडील, नृसिंह सर, दहावीच्या मुलांच्या गणिताच्या वह्या तपासत होते. हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून ते निवृत्त झाले होते आणि आता घरी शिकवणी घेत. राधाकृष्णही त्यांच्याच हाताखालून गेलेला. त्याला खुर्ची दिली तरी तो उभाच राहिला.

"ताई, पान परत लावा."

"लावते की. आणि वर स्पष्ट लिहिते, की तुमची काहीही चूक नव्हती."

"तसं नका लिवू," तो घाईने म्हणाला. "चूक नव्हती म्हनलं की लोक म्हनत्यात, मग येवढं झालं कशाला? एक चूक घाला. बारकी. म्हंजी मला माफी मागता यील."

रुचाने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं होतं.

"मुद्दा बरोबर आहे," सर म्हणाले. एखाद्या मुलाने उत्तराची पायरी न चुकता मांडल्यावर म्हणत तसे. "माफीला काहीतरी आधार लागतो."

मग ते दोघं चूक शोधायला बसले. रुचा मध्ये बोलायचा प्रयत्न करत होती, पण दोघंही मनापासून कामाला लागले होते. सरांनी माप सुचवलं. राधाकृष्ण म्हणाला, माप नको, मापाचा डाग नातवंडांपर्यंत जातो. भेसळ म्हटल्यावर त्याने कान धरले. दुकान उशिरा उघडतो म्हणावं, तर तो पहाटे उघडतो हे सगळ्या गावाला ठाऊक. सरांनी उद्धटपणा सुचवला आणि राधाकृष्णच्या तोंडाकडे बघून आपणच मागे घेतला. शेवटी राधाकृष्णलाच सुचलं. त्याचा चेहरा उजळला.

"गुळाच्या ढेपेवरचं फडकं. वेळच्या वेळी धुतलं न्हाई."

दूध संस्थेच्या सभेत वाचायला म्हणून सरांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. 'अनवधानाने' असा शब्द आधी घातला, मग खोडला. पळवाट वाटते, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रुचा मजकूर वाचून दाखवायला दुकानात गेली. राधाकृष्ण मान डोलावत ऐकत होता. भागूबाई ऐकून उठली आणि मागच्या दारी गेली. ते फडकं दोरीवर वाळत होतं, पांढरंस्वच्छ. तिने ते काढून आणलं.

"हे मी रोज धुते," ती म्हणाली.

"मला काय म्हाईत न्हाई का," राधाकृष्ण म्हणाला. तो पोत्यांकडे बघत होता.

मग भागूबाईने ते फडकं झटकलं, गुळाच्या ढेपेवर पसरलं आणि चारी टोकं नीट बसवली.

"सभेपातूर धुत न्हाई मग," ती म्हणाली. "सगळ्यांम्होरं खोटं नको."

सभा रविवारी ठेवली होती. तोवर रुचा रोज काही ना काही निमित्ताने दुकानावरून जायची. फडक्याला आधी एक पिवळा डाग पडला, मग तो काळसर झाला, मग कापड ताठ झालं आणि माश्या तिथून उठेनाशा झाल्या. भागूबाई त्याच्यासमोर बसून असायची. एकदा रुचाने तिचा हात आपोआप फडक्याकडे जाताना पाहिला. तिने तो दुसऱ्या हाताने धरला आणि मांडीवर ठेवला.

रविवारी सकाळचं दूध घालून झाल्यावर लोक शेडमध्येच थांबले. अध्यक्ष म्हणून आप्पासाहेब खुर्चीत बसले. रुचाने आधी बोलायची परवानगी मागितली आणि सगळं सांगितलं. कोरं पान कुणी उघडलं, नावं कुणी घातली, शिक्का कुणाच्या नियमाने पडला. दोष कुणाचा असेल तर तो माझा, असंही म्हणाली. लोक अतिशय लक्ष देऊन ऐकत होते. तिचं झाल्यावर आप्पासाहेबांनी सविस्तर माहितीबद्दल तिचे आभार मानले, टाळ्या झाल्या, आणि त्यांनी पुढचा विषय घ्यायला सांगितला.

पुढचा विषय राधाकृष्ण होता.

त्याने कागद दोन्ही हातांत धरून वाचला. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. मागून एकजण म्हणाला, फडकं बघायला मिळंल का?

भागूबाईने पिशवीतून ते काढलं. ते उलगडत नव्हतं, तिला ओढावं लागलं. पुढच्या माणसाने ते हातात घेतलं, वास घेतला, मागे दिलं. फडकं रांगेरांगेने फिरत गेलं आणि ज्याच्या हातातून गेलं त्याचा चेहरा सैल पडत गेला. इतके दिवस जे कळत नव्हतं ते एकदाचं हाताला लागलं होतं.

"तरीच म्हनलं," कुणीतरी हळूच म्हणालं.

"पोराला मागं जुलाब झाले हुते," दुसरं कुणीतरी म्हणालं, "आत्ता समजलं."

भागूबाई जमिनीकडे बघत होती. आप्पासाहेबांनी माफीचा ठराव मांडला. सूचक म्हणून लगेच एक हात वर आला. या वेळी पाळी वगैरे काही नव्हती.

"अनुमोदन रुचाताई देतील," आप्पासाहेब म्हणाले. "त्यांचंच हाय हे सगळं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. राधाकृष्णनेही. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठ हलत होते, आवाज न करता. तो तिला विनवत होता. भागूबाईने मात्र वर पाहिलं नाही.

रुचाने हात वर केला.

"मंजूर, मंजूर," सगळीकडून आवाज आले.

दुपारपर्यंत राधाकृष्णच्या पानावर हिरवी चौकट आली: घ्यावे. खाली बारीक अक्षरात, 'दोष मान्य, माफी मंजूर'. संध्याकाळी त्याच्या दुकानासमोरची रांग हायवेला जाऊन टेकली. बाकीच्या दुकानांची पानं कौतुकाने भरलेली होती, पण त्यांचं काय दडलं आहे हे कुणाला माहीत नव्हतं. याचा दोष निदान माहीत होता. लोक म्हणत, फडकं तर फडकं.

त्याच आठवड्यात औषधांच्या दुकानाचा मालक सरांकडे आला. मग शिंपी. मग न्हावी. त्यांना प्रत्येकी एक चूक हवी होती. लहान, स्वतःची आणि दुसऱ्याने न घेतलेली. शिंप्याने 'कापडाचे उरलेले तुकडे परत केले नाहीत' हे मनात धरलं होतं, पण ती चूक कापडदुकानवाल्याने आधीच नेली, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. सर सगळ्यांना मजकूर करून देत. पिठाच्या गिरणीचा कानिफनाथ तेवढा आला नाही. माझ्यात खोट नाही, असं तो म्हणाला. त्याला कुणी काही बोललं नाही. त्याची गिरणी आता ऐकू येत नव्हती.

एका दुपारी रुचाने सगळी विकी बंद केली. किल्ली तिच्याकडेच होती; एक बटण दाबलं आणि पानं गेली. अंधार पडायच्या आत संस्थेच्या शेडमधल्या फळ्यावर, जिथे एरवी दुधाचे दर लिहीत, आदिनाथने खडूने तीन रकाने आखले: नाव, धंदा, दोष. तिने विचारलं तर तो म्हणाला, लोकांची अडचण झाली होती. फळ्यावर अक्षर जास्त ठळक दिसत होतं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी ती बाहेरून आली तेव्हा शिकवणीची वेळ झालेली होती. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर वह्यांचा गठ्ठा, आणि एकही मूल नाही. सर नेहमीच्या जागी बसले होते. समोर कोरा कागद होता. रस्त्यावरून दोन मुलं दप्तरं घेऊन गेली. त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला आणि तशीच पुढे गेली.

"मुलं?" रुचाने विचारलं.

"येतील." त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. "फळ्यावर माझं नाव आलंय. शिकवणी, आणि पुढे रकाना मोकळा."

"बाबा, तुम्ही असलं काही लिहायचं नाही."

"तसं कसं? एवढ्या लोकांना लिहून दिलं." ते हसले, पण कागदावरून नजर न काढता. "लहानसंच हवं काहीतरी. मला सुचेना, म्हणून मघाशी तुझ्या आईला विचारलं."

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, ती थांबली.

"काय म्हणाली?"

सरांनी कागद सरळ केला, कडेला कडा जुळवली.

"म्हणाली, लहान असं एकही नाही."